गरज कोणती आणि चढाओढ कोणती?

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजाराच्या गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली आणि हाती लागतील ती कर्जखते व वह्या जाळून टाकल्या. पाहता पाहता हे लोण पुणे आणि त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पोहोचले. इंग्रज सरकारने चौकशी आयोग नेमला. कुणबी कर्जात बुडतो तो लग्नकार्यातील आणि सणावारांतील उधळपट्टीमुळे, अशी त्या काळच्या अधिकारी वर्गाची आणि शहरी सुशिक्षितांची ठाम समजूत होती. आयोगाने गावोगाव हिशेब तपासले आणि या कारणाला अवाजवी महत्त्व दिले गेले आहे, असा निष्कर्ष नोंदवला. रयतेच्या ऐपतीशी ताडून पाहता लग्नातील खर्च जास्त वाटेल. परंतु असे प्रसंग क्वचितच येतात, आणि अनेक वर्षांच्या हिशेबात पाहिले तर त्या स्थितीतल्या माणसाने सामाजिक आणि घरगुती सुखासाठी जेवढे खर्चावे त्याहून तो अधिक भरत नाही, असे आयोगाचे म्हणणे होते. अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यावर कोसळलेले कापसाचे भाव, नव्या आकारणीने वाढलेला सारा आणि सावकाराच्या बाजूने झुकलेली दिवाणी कोर्टे ही कारणे अधिक खोलवरची होती.

परक्या सरकारच्या आयोगाला जे दिसले ते स्वकीय शहाण्यांना दीडशे वर्षांनंतरही दिसत नाही. शेतकऱ्याने आत्महत्या केली की त्याच्या मुलीच्या लग्नाचा खर्च मोजला जातो, कामगाराने वेतनवाढ मागितली की त्याच्या हातातला मोबाईल दाखवला जातो. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण अशा वेळी हटकून ऐकू येते. अंथरूण कोणी बेतले, आणि ते एकाला गादीएवढे व दुसऱ्याला फडक्याएवढे का मिळाले, याविषयी ती म्हण काहीच सांगत नाही.

तथापि नाण्याला दुसरी बाजू आहे, आणि खेड्यापाड्यांत व वस्त्यांत वावरणाऱ्या कार्यकर्त्याला ती रोज दिसते. तीन एकर कोरडवाहू जमिनीचा धनी मुलीच्या लग्नासाठी दीड एकर गहाण टाकतो, कारण भावकीतल्या दुसऱ्याने गेल्या वर्षी मोठा मंडप घातला होता. बचत गटातून शेळीसाठी उचललेले कर्ज डीजे, घोडा आणि लग्नाआधीच्या छायाचित्रांवर उडते. आरोप खोटा असला तरी चढाओढ खरी आहे. श्रीमंतांच्या सुरात सूर मिसळून गरिबाला काटकसरीचा उपदेश करणे समाजवाद्याला शोभत नाही, आणि ‘ज्याची त्याची हौस’ म्हणून डोळेझाक करणेही परवडत नाही. म्हणून गरज कोणती आणि इतरांकडे पाहून जागलेली हाव कोणती, हे ठरवण्याची स्वतःची कसोटी या चळवळीजवळ असली पाहिजे.

माप कोणी घ्यायचे?

स्वतंत्र भारतात गरजेचे माप घेण्याचे प्रयत्न अनेकदा झाले. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचे निकष ठरवले. कामगार, त्याची पत्नी आणि दोन मुले मिळून उपभोगाची तीन एकके; प्रत्येक प्रौढास २७०० उष्मांकांचा आहार; कुटुंबास वर्षाकाठी ७२ वार कापड; सरकारी औद्योगिक गृहयोजनेच्या दराने घरभाडे; आणि जळण, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी किमान वेतनाचा वीस टक्के भाग. पुढे पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. दररोज २२५० उष्मांक पोटात जाण्यासाठी १९६०-६१ च्या किमतींनुसार ग्रामीण माणसाला महिना १५ रुपये व शहरी माणसाला साडेबावीस रुपये लागतात, आणि खेड्यातील चाळीस टक्के व शहरांतील पन्नास टक्के लोकांना तेवढेही मिळत नाहीत, असा त्यांचा हिशेब होता.

या मापांचे मोल कमी लेखता येणार नाही. भुकेची किमान रेषा आखली गेली म्हणूनच सरकारला जाब विचारता आला. १९६३ मध्ये राममनोहर लोहियांनी लोकसभेत देशातील सत्तावीस कोटी लोक रोजच्या तीन आण्यांवर जगतात असे ठणकावून सांगितले आणि सरकार पंधरा आण्यांचा आकडा घेऊन उभे राहिले, तेव्हा प्रथमच गरिबाच्या खिशातील आणे हा राष्ट्रीय वादाचा विषय झाला. २०११ मध्ये नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयापुढे शहरात दररोज ३२ रुपये आणि खेड्यात २६ रुपये ही रेषा मांडली, तेव्हाही देशभर संताप उसळला. आण्यांचे रुपये झाले. गरिबाची गरज दुसऱ्याने आणि कमीत कमी आकड्यात मोजण्याची सवय मात्र गेली नाही.

परंतु उष्मांकांची रेषा ही बैलाच्या वैरणीची रेषा आहे. बैलाला वैरण मिळाली की तो नांगर ओढतो. माणसाला त्याखेरीज पंक्तीत पान लागते, पाहुणा आला तर चहाचे आधण ठेवता यावे लागते, मयताला खांदा द्यायला जाण्यासाठी गाडीभाडे लागते. बाजारपेठेच्या अर्थशास्त्राचा आद्य आचार्य मानला गेलेला ॲडम स्मिथ यानेही १७७६ मध्ये ही गोष्ट मान्य केली होती. जगण्यासाठी अपरिहार्य असलेल्या वस्तूंबरोबरच, ज्यांच्यावाचून त्या त्या देशाच्या रिवाजाप्रमाणे सामान्य माणसालाही चारचौघांत जाण्याची लाज वाटेल अशा वस्तूंनाही त्याने गरजेत गणले; आपल्या काळच्या मजुराचा लिननचा सदरा हे त्याने दिलेले उदाहरण होते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये किमान वेतनाच्या १९५७ च्या निकषांत मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणसमारंभांसह किमान करमणूक, वृद्धापकाळ आणि विवाह यांसाठी आणखी पंचवीस टक्क्यांची भर घालावी असे सांगितले, ते याच जाणिवेतून. मजुराच्या घरचे लग्न ही न्यायालयाने मान्य केलेली गरज आहे, हे उपदेश करणाऱ्यांनी विसरू नये.

म्हणजे गरज ही केवळ शरीराची नसते, ती समाजात माणूस म्हणून उभे राहण्याचीही असते. आणि समाजात उभे राहायचे म्हणजे शेजाऱ्याशी तुलना आलीच. येथेच गुंता सुरू होतो.

तुलना नाकारणारा समाज

तुलना हा मनाचा रोग आहे, संतोष हेच औषध आहे, असे या देशात शतकानुशतके सांगण्यात आले. ते कोणी कोणाला सांगितले हे पाहिले पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘जातिभेद निर्मूलन’ या पुस्तकात अगदी ताज्या घटना नोंदवल्या आहेत. अहमदाबाद जिल्ह्यातील झानू गावच्या अस्पृश्य स्त्रियांनी १९३५ साली धातूच्या भांड्यांतून पाणी आणायला सुरुवात केली आणि सवर्णांना तो आपला अपमान वाटला. जयपूर संस्थानातील चकवारा येथे तीर्थयात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्याने आपल्या जातिबांधवांना जेवण दिले व पानात तूप वाढले. लाठ्या घेतलेला जमाव चालून आला आणि अन्नाची नासाडी केली. तूप त्या माणसाने स्वतःच्या पैशांनी आणले होते. त्याचा गुन्हा एवढाच, की जे वरच्यांच्या पानात असते ते त्याच्या पंक्तीत दिसले.

त्याआधी डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर भाषण केले. लुगडे नेसण्याची विशिष्ट तऱ्हा, गळ्यातील गळसऱ्यांचे ओझे आणि कोपरापर्यंतचे हलक्या धातूचे दागिने ही अस्पृश्यतेची ओळख पटवणारी खूण आहे. ती टाकून द्या, इतर स्त्रियांप्रमाणे नेसा, स्वच्छ राहा, असे त्यांनी सांगितले. वरवर पाहणाऱ्याला हे वरच्या वर्गाचे अनुकरण वाटेल. वस्तुतः ती गुलामीची खूण पुसण्याची हाक होती. त्याच भाषणात दागिन्यांचा सोसही त्यांनी झिडकारला, हे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. अंगावर धातू वाढवून मान मिळत नाही, आणि अंगावरची खूण गेल्याशिवाय मान मिळू दिला जात नाही, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच वेळी सांगितल्या.

‘त्याला आहे तर मला का नाही?’ हा प्रश्न विचारण्याची मुभा या समाजाने कोट्यवधींना नाकारली होती. तो प्रश्न विचारता आला तेव्हाच चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत आले, शाळेची दारे उघडली, मताचा अधिकार मागता आला. तुलना ही समतेची जननी आहे. जी चळवळ स्वतः याच तुलनेतून जन्मली, तिने गरिबाला ‘दुसऱ्याकडे पाहू नकोस’ असे सांगणे हा मूळ घरावरच घाव आहे.

दोन तुलना

परंतु एकाच शब्दाच्या पोटात दोन भिन्न वृत्ती राहतात. पहिली म्हणते, ‘त्याला आहे ते सर्वांना का नसावे?’ दुसरी म्हणते, ‘त्याच्याहून माझे वरचढ कसे दिसेल?’ पहिलीचा शेवट सामायिक हक्कात होतो. दुसरीला शेवटच नाही. कारण तिला हवी असते ती वस्तू नसून अंतर असते. गावच्या नळाला पाणी सर्वांना आले म्हणून कोणाच्या घोटाची गोडी कमी होत नाही. उलट सर्वांना आल्यामुळे रोगराई हटते आणि प्रत्येकाचा लाभ वाढतो. हजार पानांच्या लग्नाचे तसे नाही. साऱ्या गावाने हजार पाने उठवली की त्या हजारांचे मोल शून्यावर येते आणि पुढच्याला दोन हजार उठवावी लागतात. सर्वांना मिळाल्याने जिचे मोल वाढते ती गरज. सर्वांना मिळाल्याने जिचे मोल घटते ती चढाओढ. कसोटी म्हणून एवढे सूत्र पुरेसे नसले, तरी आरंभाला उपयोगी आहे.

कार्ल मार्क्सने १८४९ मध्येच दाखवून दिले होते की, घर लहान असले तरी आजूबाजूची घरे तशीच असतील तोवर ते राहणाऱ्याला पुरते. शेजारी राजवाडा उभा राहिला की तेच घर झोपडीएवढे होते. घराच्या भिंती तसूभरही हलत नाहीत. ते मोजणारी नजर तेवढी बदलते. म्हणून झोपडीतल्याने राजवाड्याकडे पाहू नये असे सांगणे निरर्थक आहे. राजवाडा दिसतोच, आणि आता तर तो प्रत्येकाच्या तळहातावरच्या पडद्यावर रात्रंदिवस दिसतो. उद्योगपतींच्या आणि मंत्र्यांच्या घरची लग्ने जिल्ह्याजिल्ह्यांत दाखवली जातात. मग आमदाराचा मंडप मंत्र्याच्या मंडपाकडे, सरपंचाचा आमदाराच्या मंडपाकडे आणि अल्पभूधारकाचा सरपंचाच्या मंडपाकडे पाहत वाढत जातो. ‘घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं’ या म्हणीतले घोडे आज हप्त्यावर मिळते, एवढाच फरक.

या शर्यतीतून एकट्याने बाहेर पडणे हा शहाणपणा आहे असे दुरून वाटते. प्रत्यक्षात एकट्याने बाहेर पडणाऱ्याला दंड बसतो. मुलीचे लग्न साधेपणाने करणाऱ्या बापाविषयी ‘खिशात काही नसेल’ अशी बोलवा होते. धाकटीची सोयरीक मोडते. हंगामाला उसने देणारा हात आखडतो. ज्या गावात बँकेपेक्षा भावकीची पत मोठी आहे, तेथे मंडप हे पतीचे प्रमाणपत्र असते. ‘लोक काय म्हणतील’ ही भीती म्हणूनच निव्वळ अडाणीपणा नव्हे. तिच्यामागे रोकडा हिशेब असतो. हुंडा घेणे व देणे १९६१ च्या कायद्याने गुन्हा ठरले. तरी हुंडा थांबला नाही, कारण एकेका बापाला तो टाळण्याची किंमत मुलीच्या भवितव्याने मोजावी लागेल अशी धास्ती असते.

जे एकट्याला जमत नाही ते सर्वांना एकदम जमते, याचा पुरावा अलीकडचा आहे. २०२० च्या मे महिन्यात कोरोनाच्या साथीमुळे लग्नाला पन्नासांहून अधिक माणसे नकोत असा नियम देशभर लागू झाला. त्या काळात घरच्या अंगणात, मोजक्या माणसांत लग्ने लागली. कोणाच्या घराण्याचे नाक कापले गेले नाही, कोणाच्या पतीविषयी शंका घेतली गेली नाही. कारण नियम शेजाऱ्यालाही लागू होता. अनेक घरांतील कर्ते मनातून सुटकेचा श्वास टाकत होते. निर्बंध उठताच मंडप पुन्हा वाढले. त्या महिन्यांनी एवढे सिद्ध केले की, त्या खर्चातील मोठा भाग कोणाचीच गरज नव्हता. प्रत्येकजण तो दुसऱ्याच्या भीतीने करीत होता.

चैन गरज कशी बनते

येथवरचे विवेचन लग्नाच्या मंडपापुरते राहिले तर ते अपुरे ठरेल. कारण आज गरीब घरांना पोखरणारे खर्च केवळ मंडपाचे नाहीत. मुलाला इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत घालणे, पिण्यासाठी जारचे पाणी विकत घेणे, मोटारसायकल घेणे, खासगी दवाखान्यात जाणे, यांना काय म्हणावे? गावातला पहिला श्रीमंत जेव्हा आपला मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेतून काढून पिवळ्या बसमध्ये बसवतो, तेव्हा ती बहुधा प्रतिष्ठेची बाब असते. मागोमाग दुसरा जातो, दहावा जातो. शाळेचा पट घसरतो, शिक्षक कमी होतात, ज्यांचा तालुक्यात शब्द चालतो त्या पालकांचे शाळेकडे लक्ष राहत नाही. शेवटी उरलेल्या मजुराला आपले मूल तेथे ठेवणे हा खरोखरच तोटा होऊन बसतो. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात असताना २०२३ मध्ये राज्य सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळांचा प्रस्ताव पुढे आणला, तो याच घसरणीचे निमित्त करून. काहींची चैन अशा रीतीने सर्वांची गरज बनते, आणि ती भागवण्याचा भार एकेका कुटुंबाच्या डोक्यावर येतो.

एसटीचेही तेच. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली, तेव्हापासून शेतमजुराची पोर आणि तहसीलदाराचा कारकून एकाच बाकावर बसून प्रवास करीत आले. ज्या गावाला वेळेवर एसटी येते तेथे मोटारसायकल ही सोय आहे. जेथे फेरी बंद झाली तेथे ती गरज आहे. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटी कामगारांचा संप चालला. आपल्या पोटासाठी त्यांना एवढे दीर्घकाळ झगडावे लागले, हा सार्वजनिक सेवेला दिलेल्या वागणुकीचाच परिणाम होता. त्या महिन्यांत वडापच्या जीपला लोंबकळत कॉलेजात जाणाऱ्या मुलींना विचारले असते, तर चैन आणि गरज यांच्यातली सीमारेषा एसटीच्या वेळापत्रकातून जाते, हे त्यांनी कोणत्याही अर्थशास्त्रज्ञापेक्षा स्पष्ट सांगितले असते.

दारिद्र्यरेषेच्या इतिहासातच या स्थित्यंतराची नोंद आहे. १९६२ मध्ये नियोजन आयोगाच्या अभ्यासगटाने दरमाणशी महिना २० रुपयांची रेषा आखली, तेव्हा तीत शिक्षण व आरोग्याचा खर्च धरला नव्हता. तो राज्यसंस्था उचलील असे गृहीत होते. २००९ मध्ये सुरेश तेंडुलकर समितीने मात्र हा खासगी खर्च रेषेत धरला, कारण गरीबही त्यासाठी खिशात हात घालत होता. दोन अहवालांमधील सत्तेचाळीस वर्षांत गरिबाची हाव वाढली नाही. सार्वजनिक शाळा व दवाखाना त्याच्यापासून दूर गेले. आणि हे घडत असतानाच त्याला काटकसरीचे पाठ दिले जात होते.

घराच्या आत

कसोटी घराबाहेर लावायची आणि उंबरठ्याशी थांबवायची, हेही चालणार नाही. एकाच छपराखाली कोणाची मागणी ‘गरज’ ठरते आणि कोणाची ‘नखरा’, हे फार बोलके असते. घरधन्याचा चहा, तंबाखू आणि मित्रांच्या मेळ्यात मिरवायचा नवा मोबाईल कामाच्या नावाखाली खपून जातो. घरधनिणीने संडास मागितला, धुराविना पेटणारी शेगडी मागितली, दुखणे अंगावर न काढता तालुक्याला जायचे म्हटले, की घरची परिस्थिती आठवते. सर्वांच्या मागून आणि उरलेले जेवणाऱ्या बाईची भूक कोणत्याही यादीत पहिली यायला हवी. ती बहुधा यादीतच नसते. उलट तिच्या नावाने होणारा खर्च, म्हणजे हुंडा, मानपान, दागिना, हा बहुतांशी दोन घराण्यांतील पुरुषांच्या चढाओढीचा असतो. चढाओढीचा हप्ता भरायची वेळ आली की पहिली काटछाट तिच्या पानात आणि मुलीच्या शिक्षणात होते.

म्हणून पहिल्या सूत्राला आणखी दोन प्रश्न जोडले पाहिजेत. ही वस्तू मिळाली नाही तर नेमके काय बिघडते: शरीर, काम, शिक्षण, चारचौघांतले माणूसपण, की केवळ वरचढपणा? आणि या खर्चाची किंमत घरात व घराबाहेर कोण मोजते? या तीन प्रश्नांना सामोरे गेल्यावर वस्तूंच्या याद्या करण्याची जरुरी राहत नाही. एकच मोबाईल रोजगाराच्या निरोपासाठी, रेशनच्या कामासाठी आणि परीक्षेच्या अर्जासाठी गरज असतो, आणि दरवर्षी बदलला तर चढाओढ असतो. लग्नाच्या दिवशी शेजारीपाजारी जेवू घालणे ही माणसाची जुनी आणि सुंदर गरज आहे. त्याच जेवणावळीसाठी जमीन गहाण टाकणे ही समाजाने त्याच्यावर लादलेली खंडणी आहे.

काय करावे?

काही जण म्हणतील की मग सरकारनेच काय हवे आणि काय नको ते ठरवून द्यावे. लोकशाही समाजवादाचा तो मार्ग नव्हे. माणसाच्या इच्छांवर निरीक्षक नेमणाऱ्या राजवटींत सामान्यांना रांगा आणि अधिकाऱ्यांना वेगळी दुकाने मिळाली, हा विसाव्या शतकाचा अनुभव आहे. अन्नटंचाईच्या काळात भारतातही अनेक राज्यांत मेजवानीतल्या पाहुण्यांच्या संख्येवर मर्यादा घालणारे आदेश निघाले होते. ज्यांची ओळख होती त्यांना ते फारसे आडवे आले नाहीत. हुकूम खालच्यांवर चालतो आणि वरच्यांपुढे वाकतो, तोवर त्याने चढाओढ थांबत नाही.

उपाय दोन बाजूंनी करावा लागेल. वरून पाहता, ज्या उंचीकडे पाहून खालची शर्यत लागते ती उंचीच कमी केली पाहिजे. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त उत्पन्नात एकास दहाहून अधिक अंतर असू नये, आणि खर्चावरही मर्यादा असावी, ही लोहियांची मागणी त्या काळी विक्षिप्त ठरवली गेली. चढाओढीचा उगम पाहिला तर तीच सर्वांत व्यवहारी मागणी वाटते. संपत्तीवरील कर, वारसा कर आणि उधळपट्टीच्या समारंभांवरील जबर कर यांचा आग्रह म्हणूनच नीतिपाठ नव्हे, तो आर्थिक कार्यक्रम आहे. खालून पाहता, ज्या गोष्टी सर्वांना मिळाल्याने अधिक मोलाच्या होतात त्या सार्वजनिक झाल्या पाहिजेत: चांगली जिल्हा परिषद शाळा, औषधे असलेले प्राथमिक आरोग्य केंद्र, नळाचे शुद्ध पाणी, वेळेवर येणारी एसटी. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ मध्ये केला तेव्हा काम ही दया नसून हक्क आहे हे मान्य झाले. शाळा आणि दवाखान्याच्या बाबतीत तीच लढाई पुन्हा लढावी लागेल. एक चांगली सरकारी शाळा शंभर घरांचे कर्ज वाचवते, आणि काटकसरीवरची शंभर व्याख्याने एकाही घराचे वाचवत नाहीत.

आणि तिसरी बाजू कार्यकर्त्यांच्या स्वतःच्या अंगणातली आहे. सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ रोजी झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्या पद्धतीचे पहिले लग्न लागले. भटाविना, थोडक्या खर्चात लागलेल्या त्या लग्नांची ताकद एकट्या वराच्या धैर्यात नव्हती. पाठीशी उभ्या राहिलेल्या समाजात होती. राष्ट्र सेवा दलाच्या पिढ्यांनी नोंदणी विवाह आणि हारापुरते समारंभ रुजवले तेही असेच, बरोबरीच्या सवंगड्यांच्या बळावर. आज त्याच परंपरेचे नाव सांगणाऱ्या काही पुढाऱ्यांच्या घरी मंडपाला चार कमानी लागतात आणि ध्वनिवर्धकावरून आलेल्या मान्यवरांची नावे पुकारली जातात. गावातला शेतमजूर पक्षाचा ठराव वाचत नाही; तो ती कमान पाहतो आणि आपल्या मुलीच्या लग्नाचा अंदाज त्यावरून बांधतो.

म्हणून साधेपणाची सुरुवात ज्याला परवडते त्याने करायची आहे. ज्याला परवडत नाही त्याने केली तर ती लाचारी समजली जाते. तालुक्यातील दहा मातब्बर घरांनी एकत्र बसून, पन्नास माणसांत आणि देण्याघेण्यावाचून लग्ने करू असा जाहीर निर्णय घेतला आणि पाळला, तर शंभर गरीब बापांना कोणताही उपदेश न करता मोकळीक मिळेल. असे निर्णय घडवून आणणे, ते मोडणारा आपल्या पक्षाचा असला तरी त्याच्या मंडपात पाय न ठेवणे, आणि दुसऱ्याच दिवशी त्याच तालुक्याच्या शाळेतील रिकाम्या शिक्षकपदांसाठी मोर्चा नेणे, ही दोन्ही कामे एकाच कार्यक्रमाची आहेत. यांपैकी एकच काम करणारा अर्धवट राहतो. फक्त साधेपणा सांगणारा शेवटी गरिबाला दोष देऊ लागतो, आणि फक्त मोर्चा काढणाऱ्याच्या घरच्या मंडपाचे कर्ज गरिबाच्या सातबाऱ्यावर चढते.